वेढाईची दोन बंद पानं

मित्रांनो, मी एका बंद पडलेल्या मासिकाचा सतरावा अंक आहे. वय वर्षं बत्तीस. पाठीची एक पिन गळालेली, अंगावर टेबलाच्या पायाचा चौकोनी ठसा, आणि मुखपृष्ठावरच्या अजगराचं शेपूट उंदराने खाल्लेलं. तरीही सध्या मी भलताच खुशीत आहे. जन्मापासून माझ्या पोटात एक गोष्ट अडकून पडली होती, ती परवा दुपारी एकदाची बाहेर आली. पोट मोकळं झाल्यावर कसं वाटतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

माझं मासिक एका खेळाचं होतं. हा खेळ चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसून खेळायचा. एकाने सूत्रधार व्हायचं आणि बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, कुणी जादूगार, कुणी चोर, कुणी नावाडी. सूत्रधार सांगणार, "समोर पडका पूल आहे, पलीकडून कुणीतरी हाक मारतंय. काय करतेस?" मग ज्याचं पात्र त्याने सांगायचं, "मी पुलावर पाय ठेवते," आणि फासा टाकायचा. जिंकणं-हरणं असं काही नाही. गोष्ट पुढे जाते आणि तुम्ही तिच्यात असता. या गोष्टीतल्या जगाला नद्या लागतात, राजे लागतात, तसे देवही लागतात. ते नवे कोरे बनवावे लागतात, आणि ते बनवण्याचा कारखाना आमच्या मासिकात होता.

कारखाना म्हणजे कोण, तर छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या एक बाई. दिवसभर शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि औषधांची माहितीपत्रकं वाचून त्यांचे डोळे शिणत. आमचा संपादक त्यांचा भाचा. एकदा तो धावत आला आणि म्हणाला, "मावशी, दोन पानं कोरी राहतायत. काहीतरी दे." बाईंनी जेवणाचा डबा बाजूला सारला आणि पाठकोऱ्या कागदावर त्याला एक देव लिहून दिला. त्याचं नाव कुठोबा. हा हरवलेल्या वस्तूंचा देव. वस्तू शोधणं सोडून दिलं की कुठोबा प्रसन्न होतो आणि ती समोरच ठेवतो. वाचकांना तो इतका आवडला की पुढच्या अंकापासून 'नवे देव' हे सदरच सुरू झालं. मग उशिरेश्वर आला. तो उशीर करणाऱ्यांचा देव, आणि त्याच्या देवळाचा पाया अजून खणायचा आहे. पहारेकऱ्यांची पेंगाळीदेवी आली. बाईंचा एक नियम होता. देवाला काय आवडतं ते लिहायचं, काय खपत नाही ते लिहायचं, आणि शेवटी त्या देवाच्या हातून झालेल्या एका चुकीची कथा लिहायची. संपादकाने एकदा विचारलं की चूक कशाला हवी, तेव्हा त्या म्हणाल्या, "चूकच नसेल तर मी तपासू काय?"

माझ्या वाट्याला वेढाई आली. ती शपथांची देवी. तिच्यासाठी बाईंना तीन पानं लागली, कारण तिची चूक मोठी होती.

आता माझ्या जन्माची भानगड ऐका. छापलेल्या मोठ्या तावाच्या घड्या घालायचं काम बांधणीवाले काका हाताने करत. त्यांचा हात बसलेला होता, डोळे मिटूनही घडी बिनचूक पडायची. पण माझा ताव हातात असताना त्यांना शिंक आली. घडी दोन सुतं, म्हणजे पाव इंच, आत पडली. अंक शिवून झाल्यावर कडेने कापतात, म्हणजे सगळ्या घड्या सुटून पानं मोकळी होतात. माझ्या बाबतीत एक घडी पात्याच्या आत राहिली. एकवीस-बावीस आणि तेवीस-चोवीस ही दोन पानं बाहेरच्या कडेला एकमेकांना जोडलेलीच राहिली, आणि त्यांच्या मधली दोन पृष्ठं, बावीस आणि तेवीस, आत कोंडली गेली. बाकीचे तीनशे अंक धडधाकट निघाले. शिंक नेमकी माझ्याच नशिबी आली.

पृष्ठांक छापलेले असते तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. पण चित्रकाराने हट्टाने देवांच्या पानांवर आकड्यांच्या जागी दोरीच्या गाठी काढल्या होत्या. शिवाय एकविसावं पृष्ठ पूर्णविरामावर संपत होतं आणि चोविसाव्यावर वरूनच नवा देव सुरू होत होता. वाचणाऱ्याला जोडपान एकच पान वाटायचं, फक्त जरा जाड.

तर असा मी, दोन पानं पोटात घेऊन, टपालाने एका शिंप्याच्या दुकानात पोहोचलो.

दुकानाच्या मालकांना सगळे मास्तर म्हणत. पुढच्या खोलीत दोन शिलाई यंत्रं आणि मागच्या खोलीत कापड बेतायचं भलंमोठं टेबल. टेबलावर काळं जाड कापड ताणून ठोकलेलं होतं. सुट्टीच्या दिवशी दुपारी ते टेबल मास्तरांच्या मुलांच्या ताब्यात जाई. काळ्या कापडावर शिंपीखडूने नद्या काढायच्या, डोंगर काढायचे, आणि बटणांच्या डब्यातलं एकेक बटण घेऊन आपलं पात्र म्हणून नकाशावर ठेवायचं. असा रंगीत खेळ दुसऱ्या कुठल्या घरात होत असेल असं मला वाटत नाही. खेळ संपला की ओल्या फडक्याने जग पुसायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी पाटलोणीवर नदी उमटायची. एकदा उमटलीही होती.

सूत्रधार होता मास्तरांचा थोरला मुलगा, दादा. वय वीस, स्वभाव शिस्तीचा. लिहिलंय ते लिहिलंय, असं त्याचं म्हणणं. त्याची धाकटी बहीण अठराची. ती एका जागी ठरत नसे म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. तिसरा त्यांचा मावसभाऊ. तो नेहमी भित्रा जादूगार व्हायचा आणि संकट आलं की टेबलाखाली स्वतः लपायचा.

भिंगरीचं पात्र होतं एक नावाडीण. तिचं बटण हिरवं, चार भोकांचं, डब्यात त्याला जोडी नव्हती. मी घरात आल्या दिवशीच भिंगरीने मला वाचून काढलं आणि जाहीर केलं, "माझी नावाडीण वेढाईची भक्त." तिने माझ्या एकविसाव्या पृष्ठाचा कोपरा इतक्या वेळा हाताळला की तो मऊ पडला. ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. मला वर्तमानपत्राचं वेष्टण घातलं होतं, आणि चहाचा कप माझ्यापासून हातभर लांब ठेवायचा असा दादाचा हुकूम होता.

वर्षभराने गोष्ट बिनसली. मास्तरांचे डोळे अधू होत चालले होते. दोघा भावंडांनी मिळून दुकान चालवायचं असं ठरलेलं होतं, आणि भिंगरीने दादाला तसा शब्द दिला होता. पण तिला नकाशे काढायच्या खात्यात नोकरी लागली, फार दूरच्या गावी. शिंपीखडूने इतकी वर्षं नद्या काढणाऱ्या मुलीला ती नोकरी सोडवेना. तिने हो कळवून टाकलं. घरात मास्तर म्हणाले, "जा, बाळ." दादा काहीच म्हणाला नाही. मला तेव्हाच भीती वाटली होती. बोलून टाकणाऱ्या माणसाचं बरं असतं, गिळून बसणाऱ्याचं कुठून बाहेर पडेल सांगता येत नाही.

ते त्या आठवड्यातल्या खेळात बाहेर पडलं. भिंगरीच्या नावाडिणीने बेटावरच्या म्हाताऱ्या दीपवाल्याला वेढाईची शपथ घेऊन शब्द दिला होता की उजाडेपर्यंत ती धक्का सोडणार नाही. तेवढ्यात पूर आला आणि भित्रा जादूगार वाहून जाऊ लागला. नावाडिणीने धक्का सोडला, नाव घातली आणि त्याला वाचवला. भिंगरी आणि मावसभाऊ टाळ्या पिटत होते. दादाने मला उघडलं आणि सपाट आवाजात वाचलं, "वेढाईला दिलेला शब्द म्हणजे तिच्या दोरीला मारलेली गाठ. शब्द मोडला की वेढाई दोरी कापते, आणि त्या माणसाचं नाव पुन्हा कुणाच्या तोंडी येत नाही." मग त्याने हिरवं बटण उचललं आणि डब्यात टाकलं.

"म्हणजे काय?" भिंगरीने विचारलं.

"म्हणजे ती गेली. शब्द मोडणाऱ्याचं असंच होतं."

"तेवढंच लिहिलंय? प्रत्येक देवाची चूक असते. हिची कुठंय?"

"हिची नसेल."

तिने मला हिसकावून घेतलं, पान उलटलं, पुढे दुसराच देव दिसला. पुन्हा मागे आली, पुन्हा उलटलं. तिच्या बोटांमध्ये जोडपान होतं, मित्रांनो. एका अंगठ्याच्या अंतरावर तिचं उत्तर होतं आणि मला खाकरताही येत नव्हतं. कागदाच्या जातीला देवाने तोंड दिलं नाही, हे मला त्या दिवशी जितकं सललं तितकं कधीच सललं नाही.

भिंगरीने तळहाताने नकाशावरची नदी पुसली आणि उठून गेली. चार दिवसांनी ती नोकरीच्या गावी गेली. मावसभाऊ एकदोन सुट्ट्यांना आला, टेबलापाशी घुटमळला आणि घरी गेला. मासिक तर आधीच एकोणिसाव्या अंकानंतर बंद पडलं होतं, त्यामुळे पत्र लिहून विचारायचीही सोय राहिली नाही.

दादाने दुकान सांभाळलं आणि चांगलं सांभाळलं. भिंगरी लग्नकार्याला येई, मास्तरांच्या आजारपणात येऊन राहिलीसुद्धा. भांडण म्हणावं असं पुन्हा कधी झालं नाही. पण दादाने तिला नावाने हाक मारणं सोडलं होतं. "जेवायला वाढलंय," "बस किती वाजता आहे," असं तो भिंतीकडे बघून बोलायचा. तीही भिंतीलाच उत्तर द्यायची. मी पाच वर्षं जुन्या फॅशनच्या पुस्तकांखाली पडून हे ऐकत होतो. पुढे एक दिवस टेबल डुगडुगायला लागलं. मास्तरांना नीट दिसत नव्हतं. हाताला लागला तो कागद त्यांनी उचलला आणि टेबलाच्या पायाखाली सारला. तो कागद मी होतो. दादाने पाहिलं. काढावं असं त्याच्या मनात आलं असेल, पण त्याने काढलं नाही.

सव्वीस वर्षं मी तिथे होतो. अजगर, जादूगार, वेढाई, सगळी मंडळी एका लाकडी पायाखाली. केर काढताना झाडू अंगावरून जायचा. उंदराची भेट त्याच काळातली. मी चिडलो, रडवेला झालो, शेवटी सवय झाली. तरी एक विचार पाठ सोडत नव्हता. असाच एक दिवस मी रद्दीत जाणार, माझा लगदा होणार, आणि या दोघांना कधीच कळणार नाही की गोष्ट तिथे संपलेली नव्हती.

मास्तर गेल्या वर्षी गेले. इमारतीची दुरुस्ती निघाली, म्हणून दादाने समोरच्या रांगेतला लहान गाळा घेतला. टेबल तिथल्या दारातून आत जाईना. सुतार ते संध्याकाळी विकत नेणार होता आणि रद्दीवाला दुपारीच येणार होता. आवराआवरीला भिंगरी आली होती. आता तिचे केस अर्धे पांढरे, आणि पाच वाजताची परतीची बस. दोघांनी टेबल उचलून सरकवलं आणि मी उजेडात आलो.

"हा इथं होता?" भिंगरी म्हणाली.

दादाने मला उचललं, झटकलं आणि रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवायला हात लांबवला. माझा जीव टांगणीला लागला. पण शिंप्याच्या हाताला एक खोड असते, मित्रांनो. कापड असो, कागद असो, हातात आलं की अंगठा आणि बोट आपोआप त्याचा पोत बघतात. वीस वर्षांच्या पोराच्या बोटांना जे कळलं नव्हतं, ते एकतीस वर्षं कापड चाचपलेल्या बोटांना एका क्षणात कळलं.

"हे दुपदरी आहे," दादा म्हणाला.

"काय?"

"हे पान. एकेरी नाही, दुपदरी आहे. घडी कापायची राहिलीय." त्याने टाके उसवायचं छोटं पातं घेतलं आणि माझ्या कडेवरून अलगद वरून खाली फिरवलं. दुखलं नाही. गच्च शिवलेल्या कपड्याचा टाका सुटावा तसं हलकं वाटलं फक्त. बत्तीस वर्षांनी पहिल्यांदा त्या दोन पृष्ठांना वारा लागला. आतली शाई काल छापल्यासारखी काळीभोर होती.

दादाने चष्मा लावला आणि उभ्याउभ्या मोठ्याने वाचू लागला. बाईंनी लिहिलं होतं ते असं:

"वेढाईची चूक. जगातला पहिला शब्द वेढाईनेच दिला होता, आपल्या भावाला. भाऊ समुद्रावर गेला तेव्हा ती म्हणाली, तू परत येईपर्यंत मी दारात दिवा धरून उभी राहीन. दोघांनी एका दोरीला गाठ मारली आणि दोन टोकं दोघांनी घेतली. पुढे एका संध्याकाळी लव्हाळ्यात कुणाचं तरी मूल रडताना ऐकू आलं. वेढाई दिवा घेऊन तिकडे गेली. नेमका तेव्हा भाऊ परतत होता. त्याला दिवा दिसला नाही. तो वाट चुकला आणि बारा वर्षं भरकटला. अखेर तो दारात आला तेव्हा वेढाईने त्याच्या हातात सुरी दिली आणि म्हणाली, काप. माझाच नियम आहे. भावाने सुरी खाली ठेवली. तो म्हणाला, ही गाठ तुझी एकटीची कुठं आहे? एक टोक माझ्या हातात आहे. मी ते सोडलंच नाही, तर तुटेल कशी?

"तेव्हापासून वेढाई कापलेली दोरी फेकत नाही. शब्द मोडणाऱ्याला ती आपल्या उंबऱ्यावर बसवून ठेवते. ज्याला शब्द दिला होता त्याने येऊन त्याला नावाने हाक मारायची आणि 'चल' म्हणायचं. मग ती सोडते. कितीही वर्षं लागली तरी चालतात. वेढाईला घाई नाही."

शेवटची ओळ वाचून दादाने चष्मा काढला. भिंगरी बटणांचा डबा पोटाशी धरून टेबलाला टेकली होती.

"मी तेव्हा खेळातलं बोलत नव्हतो," दादा म्हणाला.

"माहीत आहे मला."

"दुकानाचा राग होता. तू गेलीस त्याचा. तू जायला नको होतंस असंही नाही. मला सांगता आलं नाही."

"मलाही विचारता आलं असतं तुला, जाऊ का म्हणून. मी सरळ होकाराचं पत्रच टाकलं."

दादाने तिच्या हातातून डबा घेतला. आत शेकडो बटणं होती. त्याने न शोधता, तळाशी बोट घालून, हिरवं चार भोकांचं बटण काढलं. एकतीस वर्षांत ते त्याने एकाही कोटाला लावलं नव्हतं. ते त्याने काळ्या कापडावर ठेवलं, घसा खाकरला आणि बेटावरच्या त्या म्हाताऱ्या दीपवाल्याचा घोगरा आवाज काढला. आता तो त्याला फारसा काढावाही लागला नाही.

"भिंगरे," तो म्हणाला, "किती वेळ बसणार उंबऱ्यावर? चल."

तिने बटणावर बोट ठेवलं. मग खेळात आपलं पात्र काय करतं हे सांगतात ना, तशी साध्या आवाजात म्हणाली, "मी उठते."

पाचची बस तिच्याशिवाय गेली. रद्दीवाला आला आणि फॅशनची पुस्तकं घेऊन गेला. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं तेव्हा दोघं एकदमच "हे नाही" म्हणाले, आणि तो दचकला. सुताराला दादाने सांगितलं की टेबल विकायचं नाही, पाय कापून लहान करून दे. मावसभावाला फोन गेला. तो आता एका बँकेच्या दारावर सुरक्षारक्षक आहे. पण आपला जादूगार अजून भित्राच आहे का, हे त्याने आधी विचारून घेतलं. काल तिघं नव्या गाळ्यात बसले होते. खडूची नदी काढताना भिंगरीचा हात जरा जास्तच सराईत झालेला दिसला. तिने डोंगरांना उंचीच्या रेषासुद्धा काढल्या.

आता मी वरच्या फळीवर असतो. मला नवीन पिन मिळाली आहे आणि खाकी कागदाचं वेष्टणही. मनातलं सगळं ज्यांना सांगायचं त्यांना सांगून झालं, की म्हातारपण जड जात नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझे कुणी भाऊबंद असतील, माळ्यावर, पलंगाखाली, एखाद्या पायाखाली. त्यांना रद्दीत टाकायचं तर टाका, सगळ्यांना कोण सांभाळणार. पण त्याआधी एकदा पानांवरून बोट फिरवा. एखादं पान जाड लागलं, तर तिथे थांबा. आणि कुणावर निकाल द्यायची घाई झाली, तर आपण शेवटपर्यंत वाचलंय ना, एवढं तपासून बघा.

टेबलाचे पाय कापताना सुताराच्या हातून एक किंचित लहान झाला. ते पुन्हा डुगडुगतं, फासे घरंगळतात, भिंगरी ओरडते. दादाने अजून त्याच्याखाली काहीही घातलेलं नाही.